रफिकचाचा आणि माझा पातळ फोटो

अमरावतीहून रफिकचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती माझ्यापेक्षा जास्त रडली. चाचा आमचे ना नात्यातले ना जातीतले, छापखानेवाले. पण आमचं लग्न त्यांच्या एका चुकीनं जुळलं, हे अख्ख्या नांदगाव खंडेश्वरला ठाऊक आहे.

ती वर्षंच तशी होती. 'पोरगा काय करते?' 'शेती.' 'हो का... कळवतो.' आणि कळवणारा पुन्हा फोन उचलायचा नाही! काळ्या कसदार जमिनीचा मालक मी, पण स्थळं यायची शाळेतल्या शिपायाला. शेवटी आईनं समाजाच्या वधू-वर पुस्तिकेत माझं नाव घातलं. ती छापायला गेली चाचांकडे.

पीडीएफ आली, की चाचा लगेच छापत नसत. एकेक चित्र पडद्यावर मोठं करून बघत. समाजाचं बोधचिन्ह रेघांचं. ते कितीही ताणलं तरी कडा धारदार. फोटो मात्र खरा की खोटा तिथंच कळायचा. माझा मोबाइलवरून इकडून तिकडे फिरून आलेला. मोठा केला तर नाकाच्या जागी नुसते चौकोन. "हे नाक हाय का वाफे पाडलेलं वावर?" म्हणत त्यांनी आमच्या घरी फोन लावला. अशा फोटोला ते 'पातळ' म्हणत आणि चांगल्याला 'जाडा'. फोन उचलला आईनं.

"वहिनी, पोराचा पातळ हाय. जाडा पाठवजा."

"बाप्पा!" आई फोन ठेवून कडाडली, "माया लेकाले पातळ म्हणते मेला!" पण लग्नाची गरज आमची. तिनं गुपचूप माझ्या थोरल्या भावाचा फोटो पाठवून दिला. दादा भरल्या अंगाचा, अकोल्याच्या स्टुडिओत फेटा बांधून बसलेला. चाचांनी मोठा केला, तर फेट्याचा धागा न् धागा दिसला. "माशाअल्ला, याले म्हनते फोटो!" आणि छापून मोकळे. नाव माझं, शेती माझी, तोंड दादाचं!

पुस्तिका आधी दादाच्या बायकोच्या हाती पडली. "माहे मालक पुन्हा बोहल्यावर चढून राहिले का?" घरात जे रामायण झालं ते सांगत नाही. त्यात अकोटहून मुलगी बघायला बोलावणंही आलेलं. आई म्हणाली, "उन्हाळ्यात वाळला म्हनून सांगू." पण तोवर चूक कळून चाचा स्वतः माफी मागायला दारात उभे. "खोटं नोका सांगू, वहिनी. मी येतो संग."

अकोटला मुलीच्या वडिलांनी लोड सरकवला तो दादाकडे! चहा येण्याआधीच चाचा उभे राहिले. "थांबा. फोटोतला नवरदेव तो, त्याचं लगन झालं हाय. आपला नवरदेव हा वाळका. चूक माही. मीनं फोटोचे ठिपके पाह्यले, तोंड नाही पाह्यलं."

तोच आतून पडद्यामागं कुणीतरी खो खो हसलं. माझ्या जिवात जीव आला तो त्या हसण्यानं. दोन दिवसांनी होकार आला.

परवा आम्ही दोघं चाचांच्या घरी भेटून आलो. खाली छापखान्यात आता त्यांची लेक शबाना बसते. आम्ही बोलत असतानाच तिनं कुठंसा फोन लावला. "काकू, फोटो लहान हाय... पोरगं नाही हो, फोटो! तुमी पोरालेच फोन द्या." माझ्या लग्नापासून चाचाही शेवटपर्यंत असाच फोन थेट पोरालाच द्यायला लावत. बायको भर दुखवट्यात फसकन हसली आणि तोंडाला पदर लावून पुन्हा रडायला लागली.

परतीच्या एसटीत मी विचारलंच, "एवढं कावून रडतं?"

"त्या दिवशी मी नाही म्हनाचंच ठरवलं होतं," ती म्हणाली. "शेतीवाला नोको, हे मायले सांगूनच चहा गाळत होती. मंग चाचाचा आवाज आला. म्हटलं, ज्या घरात परकं मानूसही खोटं चालू देत नाही, तिथं जाऊन पाहू."

मला बरं वाटलं. म्हटलं, "अन् मी?"

"तुमाले तर मीनं तवा पाह्यलंच नोतं."