इल्प्पोची वाफ

फिनलंडमधल्या टाम्पेरेत, आमच्या टेकडीवरच्या सार्वजनिक सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी इल्प्पो रौतामा एक्केचाळीस वर्षं पेटवत होता. पहाटे लाकडं भरायची, जाळ विझला की धुराडं बंद करायचं. मग भट्टीवरचे दगड रात्रीपर्यंत तापलेले. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे टॉवेल द्यायचो.

एवढ्या वर्षांत त्याला कुणी ‘छान’ म्हटलं नव्हतं. “कुरकुर नाही ना? मग झालं,” तो म्हणायचा.

फेब्रुवारीत मालकीण हेल्वीने विजेच्या भट्ट्या विकणारा एक माणूस बोलावला. शनिवारी गिऱ्हाइकांना विचारायचं आणि काय ते ठरवायचं. लाकडं गेली की इल्प्पोही घरी.

“तू बोल ना काहीतरी,” मी म्हणालो.

“स्वतःबद्दल?” मी त्याला चोरी करायला सांगितल्यासारखं त्याने पाहिलं.

शनिवारी विक्रेताही सगळ्यांसारखाच उघडा होऊन वरच्या, सगळ्यात गरम फळीवर बसला. आणि बोलू लागला.

“एक बटण दाबा, पन्नास माणसांची सोय! घरी बसून मोबाइलवरून दाबा!”

कुणी हूं की चूं केलं नाही. त्याला वाटलं, पटतंय.

इल्प्पोने ओगराळं उचललं. “टाकू का?” वरच्यांना विचारल्याशिवाय तो पाणी टाकत नसे.

“टाक,” म्हातारा ओइवा म्हणाला.

दगड फुसफुसले. विक्रेता बोलतच मधल्या फळीवर आला.

“टाकू?”

“टाक की.”

तो खालच्या फळीवर आला. आता वाक्यं अर्धीच येत होती. तिसऱ्या ओगराळ्याला तो दाराबाहेर, बर्फात. तिथून फक्त “बटण...” एवढंच ऐकू आलं.

थोड्या वेळाने अंगणात सगळे टॉवेल गुंडाळून वाफाळत उभे होते. हेल्वीने विचारलं, “बोला, कुठली भट्टी ठेवू?”

शेवटी ओइवा खाकरला. “ह्याची वाफ... तशी बरी असते.”

सगळे जमिनीकडे बघू लागले. इल्प्पो कानापर्यंत लाल झाला. कपडे चढवून, टोपी उचलून तडक घरी गेला.

रविवारी तो आलाच नाही. भट्टी थंड, गिऱ्हाइकं दारात.

“बटणाला निदान लाज तरी वाटत नाही,” म्हणत हेल्वीने विक्रेत्याला लावायला फोन उचलला.

“एक तास थांब,” म्हणून मी पळत इल्प्पोकडे गेलो. तो स्वयंपाकघरात कॉफीपुढे बसला होता.

“चारचौघांत तोंडावर बोलायची काय गरज होती?” तो पुटपुटला. “आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

साहित्याची पदवी तेव्हा एकदाच कामी आली.

“ओइवा नंतर वेगळंच म्हणत होता,” मी सांगितलं. “म्हणे, दुसरी वाफ जरा खरखरीत होती.”

कप खाली आला. “खरखरीत? माझी?”

“घशाला लागली म्हणे.”

“त्या म्हाताऱ्याला सांग, संध्याकाळी पाचला वरच्या फळीवर येऊन बस म्हणावं. आणि बूट कुठे टाकलेत मी?”