आपली चिठ्ठी आपल्या हातानं

सुलोचना ताकसांडे नगरपरिषदेच्या घरकुल विभागाची प्रमुख झाली, तेव्हा आधीच्या साहेबांनी तिच्यासाठी दोन वस्तू मागे ठेवल्या होत्या. एक डुगडुगणारी खुर्ची आणि एक स्टीलचा डबा. खुर्ची तिनं चालवून घेतली. डबा मात्र पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला.

त्या डब्याचं गावात फार वाईट नाव होतं. घरं कमी आणि अर्जदार जास्त असले की त्या डब्यातून सोडत निघायची. नावं कारकून लिहायचा, घड्याही कारकूनच घालायचा आणि ज्याचं आधीच जमलेलं असेल त्याची घडी जरा निराळी असायची. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी? सुलोचना बोलली नाही, तिनं नियमच बदलला. पाण्याची वीस लिटरची कॅन आणली, आरपार दिसणारी. शिपाई तानबानं तिचं तोंड हात जाईल एवढं कापून दिलं. आणि कार्यालयाबाहेर फलक लागला: आपली चिठ्ठी आपण लिहायची, आपण घडी घालायची, आपल्या हातानं टाकायची.

तेव्हापासून सोडतीचा दिवस म्हणजे जत्राच झाली. शिक्का मारलेला कोरा कागद दोन दिवस आधी मिळायचा. कोणी तो केळझरला नेऊन गणपतीच्या पायाशी लावून आणायचं, कोणी नातवाच्या कपाळाला टेकवायचं. एका शिंप्यानं तर इतकी बारीक घडी घातली होती की ती चिठ्ठी पाखडूनच शोधावी लागली असती. सुलोचना व्यासपीठावर उभी राहून हे सारं पाहायची आणि तिला बरं वाटायचं. हरणाराही हसत घरी जायचा. माझी चिठ्ठी मी टाकली होती ना, मग तक्रार कोणाची करू, म्हणायचा.

तिचा दरारा असा की ठेकेदारसुद्धा तिच्या खोलीत आवाज खाली करून बोलायचे. तिच्या टेबलावर कोणाचा चहा चालत नसे. त्या खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई, आणि बौद्धवाड्यातून आलेलंही तिच्याआधी तिथं कोणी बसलं नव्हतं. आपल्या एका चुकीची वाट पाहणारे किती आहेत हे तिला पाठ होतं. सारं गाव तिला ‘मॅडम’ म्हणायचं. मॅडम न म्हणणारं घर एकच, तिच्या मोठ्या बहिणीचं.

कोकिळा सुलोचनाहून सहा वर्षांनी मोठी. सुलोचना तिला ‘बाई’ म्हणायची. आई गेली तेव्हा कोकिळा बारा वर्षांची होती. तिनं शाळा सोडली आणि वडिलांबरोबर, रामाजीबरोबर, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागली. संध्याकाळी डोक्यावर कापसाचा भुसा घेऊन घरी यायची आणि तशीच बहिणीचा अभ्यास घ्यायला बसायची. स्वतः उशिरा शाळेत घातलेली, चौथीच शिकलेली. सहावीच्या पुस्तकातलं तिला काही कळत नसे. पण सुलोचना वाचते आहे की नुसतं तोंड हलवते आहे, हे मात्र बरोबर कळायचं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लवकर गेला. ती परत जिनिंगमध्ये लागली आणि जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकून असलेल्या टिनाच्या एका खोलीत मुलीला घेऊन राहू लागली.

त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कडी बसवावी तर चौकटच कुजलेली. रात्री कोकिळा दाराला पाटा लावून झोपायची, वीस वर्षं. सुलोचनानं घरी चल म्हणून किती वेळा हात धरला. कोकिळाचं उत्तर ठरलेलं.

“चार दिवस पाहुणी म्हणून येईन, सुले. राह्यले नाई येत. मले माह्या नावाचं दार पाह्यजे. आतून कडी लागनारं. बाकी काई नाई.”

म्हणून पहिल्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कोकिळानं अर्ज केला. सुलोचनानं मुख्याधिकाऱ्यांना आपणहून सांगितलं की अर्जदारांत माझी सख्खी बहीण आहे. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “वेगळं कुटुंब आहे, पात्र आहे. तुम्हाला संकोच कसला?” हे इथं सांगून ठेवलं पाहिजे. कोणीही हरकत घेतली नव्हती. कायद्याची नव्हती, साहेबांची नव्हती.

हरकत होती ती प्रफुलच्या बोलण्याची. प्रफुल हा नगरसेवक, जुन्या स्टीलच्या डब्याचा जिवाभावाचा मित्र. सोडतीच्या आदल्या दिवशी तो बाहेरच्या व्हरांड्यात मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “पाहू आता, मॅडमच्या घरच्या किती चिठ्ठ्या निघतात ते.” चारचौघं हसले. आत बसलेल्या सुलोचनानं ते ऐकलं. रात्रभर ते हसू तिच्या कानात राहिलं.

त्या पहिल्या सोडतीला घरं होती शहाण्णव आणि अर्ज एकशे अठरा. इतके कमी, कारण लोकांना तेव्हा वरच्या मजल्यावर राहायची भीती वाटायची. हवेत लटकून कोण राहील, म्हणायचे. म्हणजे जवळजवळ प्रत्येकालाच घर लागणार होतं. कोकिळा धुतलेलं लुगडं नेसून आली. जिनिंगच्या धुळीनं तिची छाती तेव्हाच भरायला लागली होती आणि व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. ती पहिल्या पायरीशी थांबली, धाप लागलेली, आणि घडी घातलेली चिठ्ठी तिनं वर धरली.

“सुले, तूच टाक. तुया हात चांगला आहे.”

नियम सुलोचनाचाच होता. तिनं नाही म्हणायला हवं होतं, हात धरून बहिणीला वर आणायला हवं होतं. पण वाकून तिनं चिठ्ठी घेतली. कॅनपर्यंत गेली. समोर पहिल्या रांगेत प्रफुल बसला होता, हाताची घडी घालून, तोंडावर तेच हसू. सुलोचनाचा हात कॅनच्या तोंडातून आत गेला आणि मूठ मिटलेली तशीच बाहेर आली. चिठ्ठी मुठीत होती.

ती काही ठरवून आली नव्हती. हात आत गेला तोवर टाकायचीच होती. मग वाटलं, एकशे अठरांतल्या शहाण्णवांत बाईचं नाव निघणारच, आणि ते वाचताना साऱ्या सभागृहाचे डोळे माझ्याकडे वळणार. पुढच्या सोडतीला टाकू. दोन इमारती अजून व्हायच्याच आहेत, वर्षभराचा तर प्रश्न. आरपार दिसणाऱ्या त्या कॅनभोवती दोनशे माणसं डोळे लावून बसली होती, आणि कोणालाही काही दिसलं नाही. मॅडमवर संशय कोण घेणार?

शहाण्णव नावं वाचली गेली. कोकिळा शेवटच्या नावापर्यंत मान उंच करून ऐकत राहिली. मग पदर सावरून उठली आणि हसत म्हणाली, “घ्या! सारं गाव घरात गेलं, मीच तेवढी भाईर.” घरी आल्यावर सुलोचनानं ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवली.

पुढच्या सोडतीला घरं चाळीस झाली आणि अर्ज चारशे. आधीच्यांची घरं पाहून लोकांची भीती मोडली होती. कोकिळानं पुन्हा चिठ्ठी बहिणीच्याच हातात दिली. आता टाकली तरी दहात एक, असा हिशेब सुलोचनाच्या मनात होता, पण प्रफुल पुन्हा पहिल्या रांगेत होता आणि त्या वर्षी पेपरात तिच्या पारदर्शक कारभारावर फोटोसकट लिहून आलं होतं. फोटो कॅनचाच होता. चिठ्ठी पुन्हा मुठीत परत आली. तिसऱ्या वेळी तर तिनं स्वतःला कारणही सांगितलं नाही. चुकीची सवय होते तेव्हा कारणं लागत नाहीत. आपल्या माणसाला न्याय दिला की तो पक्षपात दिसतो, आणि अन्याय केला की प्रामाणिकपणा दिसतो. या भुलीत चांगली चांगली माणसं फसतात. पण त्यांच्या फसण्याची किंमत त्यांच्या आपल्या माणसांनीच का द्यावी, याचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या सोडतीनंतरच्या उन्हाळ्यात कोकिळाची छाती पार भरली. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिला ठेवलं. मुलगी अपेक्षा दिवसा शाळेत शिकवायला जायची. दुपारी सुलोचना रजा टाकून बसायची. खाटेच्या डोक्याशी ऑक्सिजनची नळी, खिडकीत कडुनिंबाची फांदी. एका दुपारी कोकिळानं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“सुले, एक बोलू? रागावू नोको.”

“बोल ना बाई.”

“दरखेपी चिठ्ठी टाकून आली का तुयं तोंड उतरून जाते. मी खालून पाह्यतो ना. मले घर नाई लागत त्याचं मले जितकं वाटत नाई, तितकं तुलेच लागते. काऊन येवढं मनाले लावून घेतं? तुया हाताचा काय दोष?”

सुलोचनाचं पाप तिच्या तोंडावर उमटत होतं आणि बहिणीनं ते माया म्हणून वाचलं होतं. पर्स मांडीवरच होती. चेन उघडायची आणि तीन कागद पुढं ठेवायचे, एवढंच करायचं होतं.

“बाई, मला तुला एक सांगायचंय.”

“सांगजो मंग. आता मले धाप लागून राह्यली,” कोकिळा म्हणाली आणि मास्क चढवून तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचना गेली तेव्हा तिथं डॉक्टर बसले होते, अपेक्षा बसली होती, मग बोलता येईना. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोकिळाला ऐकू येण्यासारखं राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्या दिवसाच्या जेवणावळी त्यांच्यात नव्हत्या. बुद्धवंदना झाली, खीरदान झालं, माणसं पांगली. पुढच्या महिन्यात प्रतीक्षायादीची तपासणी निघाली आणि सुलोचनापुढं रजिस्टर आलं. मयत अर्जदारांच्या नावांवर विभागप्रमुखानं लाल पेननं रेघ मारून सही करायची असते. कोकिळाच्या नावाशी आल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. तानबानं विचारलं, “मॅडम, मी मारू का रेघ?” ती म्हणाली, “नको, हे माझंच काम आहे.” रेघ सरळ आली नाही. पुढं वारस म्हणून अपेक्षाचं नाव लागलं.

चौथी सोडत दिवाळीआधी झाली. घरं चौदा, अर्ज सातशेच्या वर. अपेक्षा आईचं ते धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पाच पायऱ्या ती सहज चढली असती, पण पहिल्या पायरीशीच थांबली आणि तिनं चिठ्ठी वर धरली.

“मावशी, तुमीच टाका. आई म्हने का चिठ्ठी मावशीच्याच हातानं गेली पाह्यजे.”

सुलोचनाचा हात पुढं झाला नाही. सभागृह पाहत होतं. प्रफुलही पाहत होता, पण त्याच्याकडं तिचं लक्षच गेलं नाही. ती कशीबशी म्हणाली, “आपली चिठ्ठी आपल्या हातानं टाकायची. नियम आहे.”

अपेक्षाचा चेहरा पडला. आईला नसलेला नियम आपल्याला का, हे तिला कळेना. ती वर आली, चिठ्ठी टाकली आणि खाली जाऊन बसली. चौदा नावं वाचायला किती वेळ लागतो? दहा मिनिटंही लागली नाहीत. अपेक्षाचं नाव नव्हतं.

माणसं निघून गेली. तानबा कॅनमधल्या उरलेल्या चिठ्ठ्या गोणीत भरत होता. अपेक्षा व्यासपीठाशी आली. डोळे भरलेले, पण मावशीलाच धीर देण्यासाठी ती हसली, अगदी आईसारखी.

“जाऊ द्या मावशी. पन तुमच्या हातानं टाकली असती ना, तं लागली असती.”

सुलोचना पायरीवर बसली. तिनं पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि तीन चिठ्ठ्या अपेक्षाच्या हातावर ठेवल्या. घड्या तशाच होत्या, एकदाही न उघडलेल्या.

अपेक्षानं पहिली उघडली. “हे तं आईचं अक्षर आहे.” दुसरी उघडली. तिसरी उघडली. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची मोठमोठी अक्षरं, रेघ सोडून खाली घसरलेली, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात नगरपरिषदेचा शिक्का. पहिलीवर ती परत आली. त्यावरचं साल तिनं वाचलं. एकशे अठरांत शहाण्णव घरांचं साल. मग तिनं कॅनकडं पाहिलं, मग मावशीच्या हाताकडं.

“लोक काय म्हणतील म्हणून गं,” सुलोचना म्हणाली. “पुढच्या खेपेला टाकीन असं वाटायचं. दवाखान्यात सांगणार होते तिला. खरंच सांगणार होते.” ती रडत होती आणि रडण्याचा आपल्याला हक्क नाही हेही तिला कळत होतं.

अपेक्षानं तीनही चिठ्ठ्या पुन्हा पहिल्या घड्यांवर दुमडल्या, लुगड्याच्या पदराला गाठ मारून त्यात बांधल्या. दोन पावलं गेली, थांबली. सुलोचनानं मान वर केली. पोरीनं शिवी द्यावी, ओरडावं, काहीही करावं, असं तिला वाटलं.

“येतो, मॅडम,” अपेक्षा म्हणाली, आणि सभागृहाच्या दारातून बाहेर पडली.