बबनला मी पढवलेलं उत्तर

साल १९९१. फौजेतून सुटताना होणाऱ्या तपासणीच्या, डिस्चार्ज मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी मी लान्स नायक बबनला बराकीत समोर उभं केलं. मी सणसरचा, तो जवळच्याच अंथुर्ण्याचा. मी त्याचा सेक्शन कमांडर. श्रीलंकेत एका सकाळी सहा-चाळीसला पायवाटेवर सुरुंग फुटला. नामदेव आणि शिवाजी जागीच गेले. दोघांच्या मधे चालणाऱ्या बबनला ओरखडाही आला नाही. पण तेव्हापासून त्याची झोप उडाली आणि पाच मिनिटांपूर्वीचं आठवेनासं झालं.

"डॉक्टर विचारतील, क्या तकलीफ है? काय म्हणायचं?"

"कोई तकलीफ नहीं, सर."

"शाब्बास. वेड्याचा शिक्का घेऊन गावात जायचं न्हाय."

दहा वेळा घोकून घेतलं. ड्रिल शिकवण्यात पलटणीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, अशी माझी घमेंड होती. बबन 'फिट' होऊन घरी आला.

दोन वर्षांनी, मीही निवृत्त होऊन गावी आल्यावर, त्याची बायको यमुना माझ्या दारात उभी राहिली.

"आबा, बांधावर पाय ठिवत न्हाईत. आधी काठीनं माती टोचून बघत्यात. पोरीचं नाव इसरलं. तुमचं तेवढं ऐकत्यात, तुमीच दवाखान्यात न्या."

दुसऱ्या दिवशी बारामतीहून सकाळची एसटी धरली आणि त्याला पुण्याला लष्करी इस्पितळात नेलं. डॉक्टर मेजर होते, भला माणूस. त्यांनी कागद चाळले. "क्या तकलीफ है?"

बबन ताडकन सावधान झाला. "कोई तकलीफ नहीं, सर!"

मेजरसाहेब माझ्याकडे वळले. "हवालदार, आप बताइए."

खरं सांगितलं असतं, तर पढवणारा मीच, हेही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली. सुरुंगाला घाबरलो नव्हतो, त्या टेबलापुढे घाबरलो.

"नींद कम है, सर."

झोपेच्या गोळ्या मिळाल्या. आम्ही परत आलो.

आठव्या दिवशी बबनने विहिरीत जीव दिला. त्याला वर काढणाऱ्यांत मीही होतो.

दहाव्याला मी यमुनाला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"डाक्टरनी तुमाला इचारलं हुतं?"

"व्हय."

"मग बोलायचं हुतं की, आबा. ह्यांच्यासाठी न्हाय, तर माझ्यासाठी."

पलटणीच्या स्मारकावर नामदेव आणि शिवाजीची नावं कोरलेली आहेत. बबनचं नाही. कागदोपत्री तो धडधाकट घरी गेला होता, आणि ते खोटं माझं आहे.