खंडेनवमी, कलिंगड आणि दादाचा मीटर

दिवाळीच्या तोंडावर दादा गेला. हार्टअटॅक. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना त्याचा एक किस्सा ठेवून जातो. वहिनी म्हणते, "आधी घरात माणसं मावत नव्हती, आता किस्से मावत नाहीत!" मी नववीत शाळा सोडलेला, लिहिण्याशी माझं वाकडं. पण कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं ना! दादाचा मीटरही कपाटात पडून होता. तो विकायचा की दादाचं काम मी पुढे चालवायचं, तेच ठरत नव्हतं.

दादाचं काम म्हणजे कारखान्यांत फिरून गिअरबॉक्सची थरथर मोजायची. गिअरचा एखादा दात तुटला की तो प्रत्येक फेऱ्याला ठोका देतो. कानाला कळायच्या आधी मीटरला कळतं. मी त्याची बॅग घेऊन मागे फिरायचो.

* * *

दादासाठी मुलगी बघायला सदाशिव पेठेत गेलो होतो. वहिनीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?"

"गिअरबॉक्सची थरथर मोजतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

दादा पेटला! स्कूटरच्या डिकीतून मीटर आणला आणि थेट त्यांच्या मिक्सरला लावला. "काका, बेअरिंग गेलंय. महिनाभरात बसेल."

मिक्सर अजून चालतोय. लग्न मात्र झालं!

* * *

भोसरीच्या एका कारखान्यात भोइटेकाका मेंटेनन्स बघतात. दर वेळी मीटरचा सेन्सर एकाच जागी लागावा म्हणून दादाने तिथल्या गिअरबॉक्सवर पिवळ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवले होते. खंडेनवमीला कामगारांनी मशीन धुतलं, पूजा केली आणि एकेका ठिपक्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल चिकटवलं!

पुढच्या वेळी दादाने ते पाहिलं, बूट काढले, नमस्कार केला आणि मगच सेन्सर लावला.

"रिडिंग काय म्हणतंय?" भोइटेकाकांनी विचारलं.

"प्रसन्न आहे!"

* * *

मंडईतही तेच. कलिंगड हातात घ्यायचं, ठोकायचं, कान लावायचा, खाली ठेवायचं, दुसरं उचलायचं. चौथ्या कलिंगडाला विकणारी बाई वैतागली. "अहो, कलिंगड घेताय का जावई शोधताय?"

दादा गंभीरपणे म्हणाला, "जावयाला एवढं कुठे ठोकून बघता येतं, मावशी?"

तिने स्वतःच एक निवडून दिलं. आतून पांढरं निघालं. दादा पुढच्या आठवड्यात परत तिच्याकडेच गेला!

* * *

मग कारखान्यांत हिंजवडीच्या कंपनीची इंजिनिअर पोरं आली. त्यांचा सेन्सर मशीनवर कायमचा बसायचा आणि अलर्ट मोबाइलवर जायचा. एका गिअरबॉक्सबद्दल दादा म्हणाला, "ठणठणीत." मोबाइल म्हणाला, "डॅमेज." अलर्ट क्षणात पोचला, अलर्ट पाठवणारे इंजिनिअर मात्र कितीतरी वेळ वाकडच्या ट्रॅफिकमध्ये! ते आल्यावर गिअरबॉक्स उघडला. एक दात खरंच तुटलेला!

मला वाटलं, दादा चिडणार. तो उठून पेढे घेऊन आला.

"कुणासाठी?" पोरांनी विचारलं.

"तुमच्या सेन्सरसाठी. तो खात नाही, म्हणून तुम्ही खा."

* * *

दादा गेल्यावर मी पहिल्यांदा एकटाच भोसरीला गेलो. तिथे बॅग उघडली, तर सेन्सर मशीनला चिकटवायचं लोहचुंबक घरीच राहिलेलं! परत घरी गेलो असतो, तर पुन्हा आलोच नसतो. सेन्सर तसाच हाताने गिअरबॉक्सवर दाबून धरला.

आकडा एकदम वर! मी ओरडलो, "काका, बंद करा! दात गेलाय!"

भोइटेकाकांनी एक शब्द न विचारता लाल बटण दाबलं. गिअर मंदावले, थांबले. सगळी शेड गप्प झाली. कामगार भोवती गोळा झाले. मी सेन्सर तसाच दाबून उभा.

मीटरवरचा आकडा हलतच होता.

काकांनी मीटर पाहिला. थांबलेलं मशीन पाहिलं. मग माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि घट्ट दाबला. आकडा खाली आला.

"चहा सांगा रे सगळ्यांना," ते मागे वळून म्हणाले. "मशीन नंतर चालू करू. रिडिंग हाच घेणार आहे."