काकांच्या गाडीचा उतरलेला बंपर

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मते या जगात सरळ अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांची नजर. बाकी सगळं वाकडं. आमच्याकडे चहाला आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर नीट करायचे, मग दाराबाहेरच्या चपला ओळीत लावायचे आणि मगच कपाला हात. एका लग्नात तर अंतरपाट डावीकडे उतरलाय म्हणून या गृहस्थांनी मंगलाष्टकं थांबवली होती. नवरानवरी हातात हार घेऊन ताटकळताहेत आणि काका भटजींना सांगताहेत, "किंचित वर घ्या हो!" काकूंनी तिथेच कपाळाला हात लावला.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात उभा जन्म स्कूटरवर काढलेला हा माणूस. पण कोणीही उठावं आणि हप्त्यावर गाडी घ्यावी असे दिवस आले, तेव्हा गाझियाबादच्या नव्या कॉलनीतल्या फ्लॅटपाठोपाठ काकांनीही पांढरी गाडी घेतली. तिची पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि पंधरवड्यात एका टेंपोनं मागून अस्सा धक्का दिला, की बंपर डावीकडे लोंबायला लागला. काकांची भूकच गेली!

दिल्लीत इतकी वर्षं राहूनही त्यांचं हिंदी मात्र अस्सल सदाशिव पेठी. मिस्त्रीला म्हणाले, "भाईसाब, पीछे का बंपर खाली आया है."

मिस्त्रीनं बंपरवर टिचकी मारली. "खाली ही होता है जी. इसमें क्या भरना था?"

आपलं 'खाली' म्हणजे हिंदीत रिकामं, हे मी सांगेपर्यंत काका लालबुंद झाले होते.

आता खरी अडचण ऐका. त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, मीनलनं, ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. मुलगा सोन्यासारखा, घरचा चादरींचा धंदा, पण राहणार कुठले? तर पानिपतचे! त्यांनी बोलणी करायला बोलावलं, आणि काका दर रविवारी बंपर पुढे करून जाणं टाळायचे. "आधीच पानिपत! त्यात मागे लोंबता बंपर घेऊन जायचं? एकदा झाली तेवढी शोभा पुरे!"

"अहो, लढाईला नाही, साखरपुडा ठरवायला जायचंय," काकू वैतागायच्या. मला हळूच म्हणाल्या, "बंपरचं नुसतं नाव गं. यांचाच पाय निघत नाहीये."

शेवटी मीनलच मिस्त्रीला घेऊन आली. तो गाडीखाली शिरला, ही उकिडवी बसून दोन्ही हातांनी बंपर उचलून धरू लागली आणि काका फाटकाशी एक डोळा मिटून उभे. "डावीकडे वर. अजून. अगं, किंचित!"

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "हो गया जी, कस दिया."

बंपर अगदी सरळ रेषेत बसला होता, मलाही दिसत होतं. मीनल म्हणाली, "बाबा, सोडू?"

काकांनी आता दोन्ही डोळे उघडले होते आणि ते बंपरकडे नाही, मीनलकडे बघत होते.

"रविवारी जाऊ गं पानिपतला," ते म्हणाले. "आत्ता जरा वेळ धर."

पक्का बसलेला तो बंपर मीनल तशीच धरून बसली.