चौथ्या इमारतीचं गरम पाणी

हर्सूलच्या आमच्या सोसायटीत चार इमारती आणि पहिलीच्या गच्चीवर सगळ्यांना मिळून एकच मोठं सोलर. आम्ही चौथीत. आमच्या नळाला गार पाणी यायला लागलं, तेव्हा चेअरमन म्हणाले, उद्यापर्यंत सुधारलं नाही तर सोलर भंगारात. माझे गुडघे त्या गरम पाण्यावर चालतात.

मग चेअरमननी बोलावलेला मिस्त्री आला. पन्नाशीचा, दाढी पांढरी, शर्टाला कडक इस्त्री. पहिल्या इमारतीपासून तो पाइपाला उलटा हात लावत निघाला, लेकराचा ताप बघतात तसा. तिसरीपाशी थांबला. तिथून माझ्या दारापर्यंत पाइप उघडा होता आणि त्यावर माझी लुगडी वाळत होती.

"पाणी गरम राहावं म्हणून यावर गुंडाळलेलं होतं, ते कुणी काढलं?"

"मी. थंडीत लुगडी लवकर वाळतात."

"लई भारी, अम्मा! पाण्याची गरमी लुगड्याला देता अन् वर सोलरला नावं ठेवता!"

सगळे हसले. चूक माझीच होती; मी लुगडी काढून घेतली.

त्यानं दिवसभर बसून सगळा पाइप नव्यानं गुंडाळला. चेअरमननी विचारलं, "एवढ्यानं होईल?"

"साहेब, ऊन तर सगळ्यांनाच मिळतं. ते शेवटच्या घरापर्यंत गरम नेलं, तरच मला मिस्त्री म्हणा."

सकाळी तो पुन्हा आला आणि माझ्या मोरीबाहेर उभा राहिला. मी बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. पोळला होता.

मी कुणाचं कौतुक करत नाही. त्याचं नावही विचारलं नाही. "या मिस्त्री, चहा घ्या," एवढंच म्हणाले.

तो ताठ मानेनं आत आला.