आर्लीनचा पत्ता

अमेरिकेतल्या डलूथ गावातल्या कोणत्या श्रीमंताची तळ्याकाठी किती घरं आहेत, कोणाच्या पणजोबाने लाकडात पैसा केला आणि देणगीच्या वेळी कोण हात आखडता घेतो, हे आर्लीन कांगासला तोंडपाठ होतं. मुलांच्या इस्पितळासाठी देणग्या मागायला जायचे साहेबलोक. पण कोणाच्या दारात जायचं आणि तिथे काय बोलायचं नाही, हे शोधून द्यायची आर्लीन. देणगी आली की पेपरात फोटो साहेबांचा. तिला त्याचं काही वाटत नसे. फोटोत तिचे डोळे नेहमी मिटलेलेच यायचे.

तिचा जीव होता तो महिन्यातून एकदा होणाऱ्या गुरुवारच्या जेवणात. गावातल्या निरनिराळ्या संस्थांत हेच काम करणारी, आपापल्या कचेरीत एकांडी पडलेली मंडळी बंदराजवळच्या खानावळीत जमायची. जंगली तांदळाचं सूप प्यायचं, हसायचं आणि कामातल्या खाचाखोचा एकमेकांना शिकवायच्या. जेवण सुरू केलं आर्लीनने, त्यामुळे नियमही तिचेच. दात्याचं नाव टेबलावर काढायचं नाही. आपल्यातल्या कोणाची माहिती चोरून शोधायची नाही, हवी तर तोंडाने विचारायची. अर्थात, आर्लीनला काही विचारायची कोणाची टाप नव्हती.

तिसरा नियम असा की या टेबलाशी नोकरीतल्यांनीच बसायचं. एक सॉफ्टवेअर विकणारा फुकटचं सूप पिऊन गेला, तेव्हा तिनेच चिडून तो घातला होता. आता ती निवृत्त होत होती आणि तोच नियम तिच्या गळ्याशी आला होता.

शेवटच्या जेवणाला तिने जनेलला, वाचनालय सोडून नुकत्याच या कामात आलेल्या बाईला, एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी ओळखायची ते शिकवलं. मग कोट उचलला.

"बस खाली," वाद्यवृंदाच्या संस्थेतला ड्वाइट म्हणाला. तो तिचा सर्वांत जुना सोबती. "नियम या टेबलापुरता आहे. पुढचं जेवण तुझ्या घरी. सूप आम्ही आणतो."

"माझ्या घरी कोणी येत नाही."

"म्हणूनच येतोय."

जनेलने पेन काढलं. "पत्ता सांगा."

"कमाल आहे," आर्लीन म्हणाली. "अख्ख्या गावाची घरं हुडकून काढता आणि माझं एक सापडत नाही होय?"

"दोन मिनिटांत सापडेल. पण तोंडाने विचारायचं, हा तुमचाच नियम ना? म्हणून विचारतेय."

आर्लीन बसली. इतका आनंद तिला कुठल्या मोठ्या देणगीनेही झाला नव्हता. तिने घराचा नंबर सांगितला, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचं चर्चही सांगितलं.

"आणि पुढची घंटा वाजवत बसू नका," ती म्हणाली. "ती पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही आपले मागच्या दाराने या."